ग्रंथांची खातेवही लिहिणारे

बँकेत नवे खाते उघडताना ग्राहकाचे नाव, जन्मतारीख आणि पत्ता यांची नोंद किती काळजीपूर्वक करावी लागते, याची जाणीव काउंटरच्या दोन्ही बाजूंना असते. नावातील एक अक्षर इकडचे तिकडे झाले की पॅन क्रमांक जुळत नाही, धनादेश परत येतो आणि पुढे कधीतरी वारसाला हेलपाटे पडतात. ग्रंथालयातही अशीच एक खातेवही असते. तिला तालिका म्हणतात. प्रत्येक पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, विषय आणि कपाटातील त्याची जागा सांगणारा बोधांक तिच्यात नोंदलेला असतो. फरक इतकाच, की खात्यात चूक झाली तर खातेदार तक्रार घेऊन येतो. पुस्तक येत नाही. चुकीच्या नावाने नोंदलेले पुस्तक धूळ झटकलेल्या कपाटात सुस्थितीत उभे असते आणि तरीही ते वाचकाच्या दृष्टीने नाहीसे झालेले असते.

ही खातेवही लिहिणारा माणूस म्हणजे तालिकाकार. एके काळी तो ग्रंथालयाच्या आस्थापनेवरील कायम कर्मचारी असे. गेल्या दोन-अडीच दशकांत मात्र, विशेषतः जुन्या संग्रहांच्या संगणकीकरणाची कामे निघाल्यापासून, तो अनेक ठिकाणी कंत्राटावर येऊ लागला. भारतीय विज्ञान संस्था, रामन संशोधन संस्था, भारतीय व्यवस्थापन संस्था, राष्ट्रीय विधी विद्यापीठ अशा नामवंत ग्रंथालयांच्या बेंगळुरूत या व्यवसायाकडे पाहण्यास आणखी एक कारण आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचे अखेरचे पर्व याच शहरात गेले.

रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तेथील एका मोठ्या दुकानात त्यांनी मुलांचा मेकॅनो संच पाहिला. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू; पण जोडणी बदलली की नवे खेळणे तयार होते. ज्ञानाचे वर्गीकरणही असेच सुट्या भागांच्या जोडणीतून करता येईल, हा विचार त्यांना तेथे सुचला आणि १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. त्याआधी, १९३१ मध्ये, त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले होते. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हा त्यांतील चौथा. तालिकाकाराचे सारे काम या एका सिद्धान्ताच्या पोटात मावते. १९६२ मध्ये तेव्हाच्या बंगळूरमध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या छत्राखाली त्यांनी प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी त्यांचे याच शहरात निधन झाले.

रंगनाथन यांची आणखी एक कल्पना येथे सांगण्याजोगी आहे. पुस्तक छापून बाहेर पडण्यापूर्वीच त्याचे वर्गीकरण व तालिकीकरण एकदाच आणि एकाच ठिकाणी व्हावे, म्हणजे शेकडो ग्रंथालयांना तेच काम पुन्हा पुन्हा करावे लागणार नाही, असे ते म्हणत. जन्मापूर्वीच नामकरण! आपल्याकडील गर्भसंस्काराची आठवण व्हावी अशी ही सूचना; पण तिचे अर्थशास्त्र पक्के होते. भारतात ती पुरेशी रुजली नाही. परिणामी तेच पुस्तक आज दहा ग्रंथालयांत दहा माणसे नोंदवतात आणि त्या दहांतील काही जण कंत्राटावर असतात.

कामाची रीत आणि त्याचा हिशेब

ग्रंथालय निविदा काढते. अमुक हजार ग्रंथांच्या नोंदी संगणकावर घ्यावयाच्या, त्यांना बारकोड लावावयाचा, मुदत इतके महिने. बहुधा सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते आणि दर ठरतो प्रतिनोंद. मग ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेले चार-सहा तरुण-तरुणी वाचनकक्षाच्या एका कोपऱ्यात संगणक मांडून बसतात. एका बाजूला पुस्तकांनी भरलेली ढकलगाडी, दुसऱ्या बाजूला जाडजूड दाखल नोंदवही. पुस्तक उघडावयाचे, शीर्षकपृष्ठ आणि त्याची मागची बाजू पाहावयाची, नोंदवहीतील दाखलांक ताडून घ्यावयाचा आणि माहिती ठरलेल्या रकान्यांत भरावयाची.

हे रकाने जगभर सारखे आहेत. मार्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मांडणीत लेखकाचे नाव १०० क्रमांकाच्या क्षेत्रात, शीर्षक २४५ मध्ये, विषयशीर्षक ६५० मध्ये जाते. ००८ या क्षेत्रात चाळीस अक्षरांची एक सांकेतिक ओळ असते. तीत प्रकाशनवर्ष आणि भाषेची तीन अक्षरे असतात. संगणक प्रणाली कोणतीही असो, ग्रंथालयाने विकत घेतलेली वा कोहासारखी मोफत, मांडणी हीच. (कोहा न्यूझीलंडमध्ये जन्मली, माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट.)

पुस्तक इंग्रजी आणि परदेशी प्रकाशनाचे असेल तर काम सोपे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने केलेली नोंद आंतरजालावरून उतरवून घेता येते. दाखलांक आणि बोधांक घातला की दोन-चार मिनिटांत पुस्तक हातावेगळे. भारतीय भाषेतील जुने पुस्तक हाती आले की चित्र पालटते. तयार नोंद मिळत नाही. शीर्षकपृष्ठ फाटलेले असते, वर्ष छापलेले नसते, लेखक टोपणनावाने लिहिणारा असतो. विषय ठरविण्यासाठी प्रस्तावना तरी वाचावी लागते. अशा एका नोंदीत अर्धा तास सहज जातो. दर मात्र दोन्ही नोंदींना बहुधा एकच! ज्या पुस्तकाला सर्वांत अधिक ज्ञान लागते, तेच तालिकाकाराला सर्वांत कमी मोबदला देते. हा हिशेब उलटा आहे, हे सांगावयास वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. अशा दरपत्रकाखाली कोणता माणूस कोणत्या पुस्तकावर किती वेळ थांबेल, हेही सहज ताडता येते.

मराठी पुस्तकाचे भोग

बेंगळुरूच्या एखाद्या ग्रंथालयात मराठी पुस्तक कन्नडभाषक तालिकाकाराच्या हाती पडते, तेव्हा काय काय घडू शकते ते पाहण्यासारखे आहे. लिपी देवनागरी असल्याने घाईत ते हिंदी ठरू शकते. भाषेच्या संकेतात तीन अक्षरे बदलली की मराठी पुस्तके शोधणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही. शीर्षकपृष्ठावर शके १८२१ असे छापलेले असेल, तर ते शक समजले नाही म्हणजे इसवी सनाच्या १८२१ चे होऊन बसते. वास्तविक त्यात ७८ मिळवावयास हवेत, आणि जानेवारी ते शकवर्षाच्या अखेरीपर्यंतचे प्रकाशन असेल तर ७९. म्हणजे पुस्तक १८९९ किंवा १९०० चे. एका बेरजेअभावी ग्रंथ पाऊणशे वर्षांनी जुना होतो आणि मराठी मुद्रणाच्या इतिहासाच्या अभ्यासकाला नसता पुरावा मिळतो.

नावांची गोष्ट याहून नाजूक आहे. मराठी माणसाच्या नावात शेवटचा शब्द आडनाव. म्हणून तालिकेत तो आधी येतो. दक्षिणेत तसे नाही. शियाळी रामामृत रंगनाथन या नावात शियाळी हे गाव, रामामृत हे वडील आणि रंगनाथन हे स्वतःचे नाव. कन्नडचे श्रेष्ठ कथाकार मास्ती व्यंकटेश अय्यंगार यांच्या नावातील मास्ती हेही गावच. दक्षिणेकडील शाखांत काम केलेल्या आपल्या सहकाऱ्यांना ग्राहक-ओळखीच्या कागदपत्रांवरील आद्याक्षरांचा हा घोळ नवा नाही. तालिकाकाराला दोन्ही रिती ठाऊक असाव्या लागतात. मराठी मातृभाषा असलेले कन्नड कवी द. रा. बेंद्रे कन्नडात अंबिकातनयदत्त या नावानेही लिहीत. आपले कुसुमाग्रज कवितेत कुसुमाग्रज, तर नाटकांवर वि. वा. शिरवाडकर. ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे तालिकेत एका ठिकाणी बांधून ठेवावे लागते. नाहीतर वाचकाला निम्मेच लेखन सापडते आणि उरलेले आहे याचा त्याला संशयही येत नाही.

या दुर्लक्षाची किंमत किती मोठी असू शकते, याचे उदाहरण बेंगळुरूच्याच एका मोठ्या प्रकल्पात आहे. भारतीय विज्ञान संस्थेने अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सहकार्याने भारतीय अंकीय ग्रंथालय उभारले. प्रा. राज रेड्डी आणि प्रा. एन. बालकृष्णन ही या कार्यातील प्रमुख नावे. २००३ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे संकेतस्थळ खुले झाले. देशभरातील केंद्रांवर लाखो जुन्या पुस्तकांची पाने प्रतिमारूपाने साठविण्यात आली. त्यांत मराठीची दुर्मीळ पुस्तकेही आली. काम खरोखरच प्रचंड आणि उपकारक होते. परंतु पानांची छायाचित्रे घेण्यावर जितका भर राहिला, तितका नोंदींवर राहिला नाही. भारतीय भाषांतील शीर्षके रोमन लिपीत, एकच एक नियम न पाळता लिहिली गेली. ज्ञानेश्वरीतील पहिले अक्षरच घ्या. मराठी माणूस ते डी-एन-वायने लिहितो, हिंदी भाषक जी-वायने, तर पंडिती लिप्यंतरात जे-एन येते. ळ चा ल होतो, णचा न होतो. पुस्तक आहे, पण ते कोणत्या वर्णावलीने हाक मारल्यावर ओ देईल हे शोधणाऱ्याला ठाऊक नाही. पुढे मूळ संकेतस्थळ बंद झाले. तेथील चार लाखांहून अधिक ग्रंथांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्ह या जागतिक संग्रहात गेल्याने पुस्तके वाचली. मात्र सदोष नोंदीही त्यांच्याबरोबरच गेल्या. जुनी पुस्तके शोधणारे मराठी अभ्यासक आजही एकाच नावाची चार-पाच स्पेलिंगे करून पाहतात. वाचकाचा वेळ वाचविण्याचा सिद्धान्त ज्या शहरात विसावला, तेथूनच हे व्हावे, याची खंत वाटते.

याउलट मराठीत या कामाचा एक थोर आदर्श आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची ग्रंथसूची सिद्ध केली आणि पुढे १९५० पर्यंतच्या पुस्तकांचा दुसरा खंड दिला. हाताशी संगणक नाही, तयार नोंदी नाहीत. जुने मराठी पुस्तक हाती आले की जाणता ग्रंथपाल आजही आधी दाते सूची उघडतो. शीर्षकपृष्ठ हरवलेल्या पुस्तकाचे वर्ष कित्येकदा तिथेच सापडते. कंत्राटाच्या अटींत हा संदर्भग्रंथ पाहण्यासाठी लागणारा वेळ धरलेला असावा, एवढी तरी अपेक्षा निविदा लिहिणाऱ्यांकडून ठेवावयास हवी. इंग्रजी आणि भारतीय भाषांतील पुस्तकांना वेगळा दर, मूळ नोंदीला वेगळा दर, आणि नमुना तपासणी त्या भाषेच्या जाणकाराकडून, या तीन गोष्टी खर्चाच्या मानाने फार मोठ्या नाहीत.

तालिकाकाराचे स्वतःचे खाते

कंत्राट संपले की माणसे पुढच्या ग्रंथालयात जातात. त्या संग्रहाच्या खाचाखोचा वर्षभरात ज्यांना समजल्या, तेच निघून जातात. सहा महिन्यांनी एखादी चूक लक्षात आली तर विचारावयास कोणी नसते. नोंदीतील ०४० या क्षेत्रात ती कोणत्या संस्थेने केली याचा संकेत येतो. माणसाचे नाव कोठेच येत नाही.

मिळकत कधी सलग, कधी खंडित. अशा ग्राहकाकडे बँकेने कसे पाहावे, हा प्रश्न आपल्या शाखांतूनही येतो. गृहकर्जासाठी मासिक वेतनपत्रक मागितले की हा ग्राहक मान खाली घालतो. वास्तविक प्रतिवर्षी भरलेले प्राप्तिकर विवरणपत्र आणि कामाच्या रकमा जमा होणारे एकच बचत खाते त्याने सलग राखले, तर दोन-तीन वर्षांत त्याच्या उत्पन्नाचे चित्र पुरेसे स्पष्ट होते. बिलातून उद्गम कर कापला जात असेल तर विवरणपत्र भरल्याखेरीज जादा कापलेली रक्कम परत मिळत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते.

कंत्राटदाराकडे वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला एकच सार्वत्रिक खाते क्रमांक मिळतो. कंत्राटदार बदलला तरी तो बदलत नाही. प्रत्येक नव्या ठिकाणी तोच क्रमांक देण्याचा आग्रह धरावा आणि जुनी शिल्लक काढून घेण्याऐवजी वर्ग करून घ्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार निश्चित मुदतीच्या नेमणुकीवरील कर्मचाऱ्याला एक वर्षाच्या सेवेनंतर त्या प्रमाणात उपदान मिळू शकते. पूर्वी त्यासाठी साधारणतः पाच वर्षे लागत. प्रतिनोंद बिलावर काम करणाऱ्याला मात्र हा लाभ नाही; त्याने कागदावर आपली नेमणूक कोणत्या स्वरूपाची आहे, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे. ज्याला यांपैकी काहीच लागू होत नाही, त्याला सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते शाखेत उघडता येते. वर्षाला किमान ५०० रुपये, कमाल दीड लाख, मुदत पंधरा वर्षे. हप्ता दरमहाच भरला पाहिजे असे बंधन नाही. बिल मंजूर झाले त्या महिन्यात भरावा, नाही झाले तर पुढच्या महिन्यात. खाते उघडताना अर्जावरील नाव पॅनवरील नावाशी अक्षरशः ताडून पाहावे, एवढे या ग्राहकाला वेगळे सांगावे लागत नाही.