चुंबक न चिकटणारे पट्टे

रणगाड्याचं छोटं मॉडेल पाहिलं की बहुतेकांची नजर आधी तोफेवर जाते. पण ते खरं वाटतं की खेळण्यातलं, हे ठरतं खाली, पट्ट्यांवर. आणि पट्ट्यांचा रंग नेमका कोणता, या साध्या प्रश्नाचा माग काढत गेलं की आपण थेट पोलादाच्या अंतरंगात पोचतो.

सुरुवात एका खऱ्या रणगाड्यापासून करू. सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांचा जन्म पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५० चा, आणि त्यांची रेजिमेंटही पूना हॉर्स. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांना वीरमरण आलं. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ते ज्यात लढले तो ‘फमागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन रणगाडा अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे. त्याच शहरातल्या रणगाडा संग्रहालयात १९६५ च्या युद्धात हाती आलेले पॅटन रणगाडेही आहेत. या दोन रणगाड्यांचे पट्टे शेजारी ठेवून पाहावेत. सेंच्युरियनची प्रत्येक कडी अख्खी ओतीव पोलादाची, नुसत्या पिनेनं पुढच्या कडीत अडकवलेली. पॅटनच्या कडीला जमिनीच्या बाजूनं जाड रबर, त्यावर बाणाच्या टोकासारखी उठावाची नक्षी, आणि दोन्ही कडांना कड्या जोडणारे पोलादी तुकडे. रबरामुळे पक्क्या रस्त्यावर खडखडाट कमी होतो आणि डांबर कमी उखडतं.

सेंच्युरियनच्या कड्यांचं पोलाद मात्र साधं नव्हे. ते मँगनीज पोलाद. १८८२ मध्ये शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डनं ते शोधलं, तेव्हा तो पंचविशीचाही नव्हता. पोलादात थोडं जास्त मँगनीज घातलं की ते ठिसूळ होतं, हा तोवरचा अनुभव. हॅडफिल्डनं प्रमाण वाढवत नेलं आणि १२-१३ टक्क्यांच्या आसपास सगळंच पालटलं. साधं कर्बयुक्त पोलाद लाल तापवून पाण्यात बुडवलं की कडक आणि ठिसूळ होतं. हे पोलाद तसं बुडवलं की चिवट होतं. त्याहून नवल म्हणजे त्यावर जितके घाव बसतील तितका त्याचा पृष्ठभाग टणक होत जातो, आतला गाभा चिवटच राहतो. वरचा थर झिजला की खालचा मार खाऊन टणक होतो. दगडगोट्यांवरून कित्येक टनांचं ओझं वाहणाऱ्या पट्ट्याला याहून योग्य धातू कुठला?

आणि या पोलादाला चुंबक चिकटत नाही. लोखंड साधारण ९०० अंशांपलीकडे तापलं की त्याच्या अणूंची मांडणी बदलते, आणि त्या मांडणीत ते चुंबकाकडे ओढलं जात नाही. मँगनीज आणि कर्ब मिळून ती तप्त अवस्थेतली मांडणी थंड झाल्यावरही टिकवून धरतात. म्हणजे गार पडलेल्या त्या कडीत भट्टीतली रचना तशीच्या तशी शाबूत असते! मला या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. स्मारकांवरच्या रणगाड्यांचे पट्टे पुष्कळदा सरसकट काळ्या रंगानं रंगवलेले असतात. तिथे रंग काहीच सांगत नाही, पण चुंबक रंगाखालचं पोलाद ओळखतो. मात्र संग्रहालयातल्या वस्तूंवर हा प्रयोग करू नये. पुण्याजवळ वाघोली-मोशीकडे काळा पाषाण फोडणाऱ्या खडी क्रशरचे जबडेही सहसा मँगनीज पोलादाचेच असतात. भंगारात निघालेल्या जबड्याला चुंबक लावून पाहावा; तो धरत नाही, फार तर पृष्ठभागावर जेमतेम ओढ जाणवते.

आता कुंचल्याकडे. १:३५ प्रमाणात सेंच्युरियनचा ६१ सेंटीमीटर रुंद पट्टा जेमतेम साडेसतरा मिलिमीटरचा होतो, आणि एवढ्या जागेत चार-पाच वेगळे रंग नांदतात. मँगनीज पोलादही गंजतं, पण चालत्या रणगाड्यावर भडक नारिंगी गंज टिकत नाही. म्हणून आधी काळपट तपकिरी हात द्यावा. मग प्रत्येक जागेला विचारावं, इथे कशाचा स्पर्श होतो? जमिनीला टेकणाऱ्या उठावाच्या कडा झिजून उजळतात. तिथे शिसपेन्सिलीची भुकटी बोटानं चोळली की हुबेहूब पोलादी झाक येते. दात्यांचं चाक जिथे कडीत अडकतं ती जागाही उजळ. पट्ट्याच्या मधल्या दातांच्या बाजू चाकांना घासून चकाकतात. मात्र सेंच्युरियनच्या चाकांना रबराची धाव असते, त्यामुळे चाकं जिथून धावतात तो माग गुळगुळीत, गडद राखाडी दिसतो. तिथे चांदी फासणं ही हमखास दिसणारी चूक आहे. पॅटनच्या रबराला तर गंज नाहीच. ते धुळीनं फिकटलेलं गडद राखाडी करावं, आणि चमक फक्त कडेच्या जोड-तुकड्यांना द्यावी.

शेवटी माती. आपल्या डोळ्यांना सवय काळ्या मातीची आणि तांबड्या मुरमाची, म्हणून हात आपोआप त्या रंगांकडे जातो. बसंतरचा प्रदेश पंजाबच्या गाळाच्या भुऱ्या मातीचा. फमागुस्ताच्या कड्यांत तीच भरायला हवी.

पुण्याहून अहिल्यानगर सुमारे १२० किलोमीटर. संग्रहालयात जाल तेव्हा तोफेचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही पट्ट्याशेजारी उकिडवं बसा, एका कडीचे सर्व बाजूंनी जवळून फोटो घ्या, आणि मगच रंगाची बाटली उघडा.