वॉरंटी कुणाची आणि कधीपासूनची?

बारावीचे निकाल लागून इंजिनीअरिंग, बीसीएचे प्रवेश सुरू झाले की मीरा-भाईंदरच्या घराघरांत लॅपटॉपचा विषय निघतो. नव्या मशीनची किंमत ऐकली की घराचा हप्ता आणि कॉलेजची फी यांत ती बसवायची कशी, हा प्रश्न पडतो. मग कुणीतरी ओपन बॉक्स सुचवतं, कुणी रिफर्बिश्ड. काहीजण ऑनलाइन मागवतात, काहीजण मीरा रोड किंवा भाईंदर स्टेशनजवळच्या रिपेअरिंगच्या दुकानात विचारतात, तर काहीजण चर्चगेट लोकल पकडून ग्रँट रोडला उतरतात आणि लॅमिंग्टन रोड गाठतात. सगळीकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘टेन्शन घेऊ नका, एक वर्षाची वॉरंटी आहे.’

ही वॉरंटी देतंय कोण आणि वर्ष मोजायचं कधीपासून, हे त्या वाक्यात नसतं. गिऱ्हाइकाचे पैसे बुडतात ते नेमके इथे.

आधी माल ओळखायला हवा. ओपन बॉक्स म्हणजे खोकं उघडलेलं मशीन. कुणीतरी मागवून परत पाठवलेलं, शोरूममध्ये डेमोसाठी ठेवलेलं किंवा वाहतुकीत खोकं फाटलेलं. त्यात सहसा काही दुरुस्त केलेलं नसतं. रिफर्बिश्डची गोष्ट वेगळी. मोठी कार्यालयं तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात. डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक, लेनोवोची थिंकपॅड अशी मशीन मग एकगठ्ठा विकली जातात. व्यापारी ती साफ करतो, एसएसडी किंवा रॅम बदलतो आणि दुकानात मांडतो. ही मशीन बांध्याने मजबूत असतात, विद्यार्थ्याला चार वर्षं सहज साथ देऊ शकतात. मला ती नापसंत नाहीत, उलट स्वस्तातल्या नव्या प्लास्टिकच्या लॅपटॉपपेक्षा चांगल्या स्थितीतलं जुनं थिंकपॅड मी कधीही बरं म्हणेन. मात्र कार्यालयाने घेतलेली कंपनीची वॉरंटी तोवर बहुधा संपलेली असते. दुकानदार ज्या वर्षाबद्दल बोलतो, ते त्याच्या दुकानाचं वर्ष असतं.

कंपनीची वॉरंटी मशीनच्या सिरीयल नंबरला बांधलेली असते. डेल त्यालाच सर्व्हिस टॅग म्हणते. कंपनीच्या संकेतस्थळावर हा नंबर टाकला की वॉरंटी कधी सुरू झाली, कधी संपते, घरी येऊन दुरुस्ती आहे की मशीन सेंटरवर न्यायचं आहे, हे दिसतं. वर्ष मोजलं जातं पहिल्या खरेदीपासून. पहिलं बिल कंपनीकडे नोंदलेलं नसेल तर अनेकदा कारखान्यातून माल निघाल्याच्या तारखेपासून. म्हणजे मशीन चार महिने गोदामात पडून होतं, मग कुणी घेऊन परत केलं आणि त्यानंतर ते तुमच्याकडे आलं, तर ‘एक वर्षाची ब्रँड वॉरंटी’ हातात येईपर्यंत सात महिन्यांची उरलेली असू शकते. म्हणून पैसे देण्याआधी, दुकानातच, मोबाइलवर हा नंबर तपासा. नंबर खालच्या झाकणावरच्या स्टिकरवरून घेऊन थांबू नका, कारण झाकण बदललेलं असू शकतं. मशीन सुरू होताना बायोसमध्ये जाऊन तिथला नंबर बघा. खोकं, झाकण, बायोस आणि बिल या चारही ठिकाणी तो एकच असला पाहिजे. मशीन परदेशातून आलेलं असेल तर कोणत्या देशासाठी वॉरंटी आहे तेही पाहा. काही वॉरंट्या विक्रीच्या देशापुरत्याच चालतात.

दुकानाच्या वॉरंटीचा आधार दुकानदाराचा शब्द आणि बिलावरच्या दोन ओळी, एवढाच असतो. कुणी सात दिवसांची ‘टेस्टिंग वॉरंटी’ देतो, कुणी तीन महिन्यांची, कुणी वर्षाची. वर्षभराचं आश्वासन देणाऱ्यालाही विचारायचं की मदरबोर्ड गेला तर तुम्ही बदलून देणार की दुरुस्त करणार? स्पेअर पार्टचे पैसे कुणाचे? मशीन पंधरा दिवस तुमच्याकडे राहिलं तर मुलाने काय वापरायचं? बॅटरी, अडॅप्टर, कीबोर्ड यांचं काय? बॅटरी बहुतेक ठिकाणी वगळलेली असते आणि जुन्या मशीनमध्ये आधी खराब होते तीच. विंडोजमध्ये powercfg /batteryreport ही एक आज्ञा दिली की बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. चांगला दुकानदार हे करून दाखवायला नाही म्हणत नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट जाचते. जुलैमधल्या विरार लोकलच्या गर्दीत पाठीवरच्या सॅकवर जो दाब येतो, त्याने स्क्रीनला तडा जातो, हिंज निखळते. पाणी सॅकमध्ये शिरून मदरबोर्डवर गंज चढतो. यातलं काहीही साध्या वॉरंटीत बसत नाही, कंपनीच्याही नाही आणि दुकानाच्याही नाही. वॉरंटी दोषासाठी असते, अपघातासाठी नाही. अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं विकत घ्यावं लागतं आणि कंपन्या ते बहुतेकदा वॉरंटी चालू असलेल्या मशीनलाच देतात. रोज लोकलने जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ओपन बॉक्सचा फायदा इथे आहे. उरलेल्या वॉरंटीवर हे संरक्षण मिळतं का, ते कंपनीला विचारता येतं.

किंमत ठरवताना विंडोजही लक्षात घ्या. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित आधार थांबवला. विंडोज 11 अधिकृतपणे चालायला साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचं मशीन दुकानदाराने विंडोज 11 टाकून दाखवलं, म्हणून ते मायक्रोसॉफ्टने मान्य केलं असं होत नाही. अशी अडचण कुठलीच वॉरंटी दूर करत नाही.

यापुढचं सगळं बिलावर अवलंबून आहे. ‘पक्कं बिल हवं तर अठरा टक्के जास्त द्यावे लागतील’ हे वाक्य ऐकून अनेकजण कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानतात. हा हिशेब बहुतेक वेळा चुकीचा असतो. केंद्रीय जीएसटी नियमांतल्या नियम 32(5) नुसार जुन्या वस्तूंचा व्यापार करणारा, खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलं नसेल आणि मालाचं स्वरूप बदललं नसेल, तर विक्री आणि खरेदी किमतीतल्या फरकावरच कर भरू शकतो. वीस हजारांना घेतलेलं मशीन चोवीस हजारांना विकलं, तर कर चार हजारांवर, म्हणजे सुमारे 720 रुपये. चोवीस हजारांवरचे 4,320 रुपये मागणाऱ्याला हा नियम दाखवा. वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असल्याने नोंदणी नसलेला छोटा दुकानदार तर जीएसटी लावूच शकत नाही, पण बिल त्यानेही द्यायचं असतं. बिलावर सिरीयल नंबर, ‘रिफर्बिश्ड’ किंवा ‘ओपन बॉक्स’ हा शब्द, वॉरंटीची मुदत आणि वगळलेल्या भागांची नावं लिहून घ्या.

हे लिहून घेण्याला कायद्याचं बळ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधल्या कलम 2(47) ने जुना, दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. पुरेशी चाचणी न करता वॉरंटी देणंही त्यातच येतं आणि चाचणी केली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर आहे. बिलावर परतीची मुदत नसेल तर सदोष माल 30 दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणंही याच कलमात बसतं. त्यामुळे भिंतीवरची ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. घरून शिकवण्या घेणारी बाई किंवा एकट्याने अकाउंट्स लिहिणारा तरुण यांनी केवळ पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी लॅपटॉप घेतला असेल, तर तेही या कायद्याने ग्राहकच आहेत.

दुकानदार टाळाटाळ करत असेल तर आधी लेखी मागणी करा. मशीन सेंटरवर दिलं असेल तर जॉब शीटची प्रत ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तिथे मिटलं नाही तर आयोग आहे. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात असल्याने इथला रहिवासी ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. दुकान लॅमिंग्टन रोडला असो की विक्रेता बंगळुरूचा असो, ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करायची सोय 2019 च्या कायद्याने दिली आहे. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि वकील सक्तीचा नाही. दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क शून्य. मुदत आहे ती वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची, तेव्हा बिल तेवढे दिवस तरी सांभाळून ठेवा.