जुनी फियाट आणि भरवशाचा मिस्त्री

धाराशिव तालुक्यातल्या बेंबळी गावी आमच्या थोरल्या बहिणीच्या घरापुढे पत्र्याची शेड आहे आणि त्या शेडखाली एक फियाट गाडी उभी असते. करड्या रंगाची, १९७० सालची, स्टिअरिंगला गिअर असलेली. गावातली पोरे तिला ‘डबा’ म्हणतात. आमचे दाजी मुंबईत एका कुटुंबाकडे तीस वर्षे ड्रायव्हर होते. मालक वारल्यावर त्यांच्या मुलांनी गाडी भंगारात न घालता रीतसर कागद करून दाजींच्या नावावर केली. ज्या गाडीचे मागचे दार तीस वर्षे दुसऱ्यासाठी उघडले ती गाडी आपल्या दारात आली, ही गोष्ट दाजींना केवढी वाटली असेल ते आमच्या वाचक बंधू-भगिनींना समजावून सांगायला नको.

दाजींनी तेव्हाच लेकीला शब्द दिला होता, की तुझ्या मंगल परिणयाच्या दिवशी तुला याच गाडीतून सासरी पाठवीन. लग्नाला आठ महिने होते. गाडी चालू होती, पण ब्रेक खाली जाई, इंजिनातून टकटक आवाज येई आणि चढावर ती दम सोडी. म्हणून ती एका मोठ्या गॅरेजात दिली. गॅरेजाचे आणि गावाचे नाव आम्ही लिहीत नाही. मिस्त्रीने बॉनेट उघडले, दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाला, “फुल इंजिन काम निघंल.” अठरा हजार रुपये आगाऊ घेतले. चिठ्ठी नाही, पावती नाही. त्यानंतर दाजींच्या चकरा सुरू झाल्या. आज लेथवाला नाही, उद्या सामान मुंबईहून येणार, परवा अमावस्या. सात महिन्यांनी इंजिन पेटीत घालून परत मिळाले आणि लग्नाच्या दिवशी आमची भाची भाड्याच्या क्रूझरमधून सासरी गेली. दाजी त्या दिवशी कोणाशी काही बोलले नाहीत. संध्याकाळी मांडव उतरवताना शेडकडे पाहून एवढेच म्हणाले, “पाव्हणं, पैशाचं जाऊ द्या, पोरीला दिलेला शब्द गेला.”

पुढे कळले की नुसते पैसेच गेले नव्हते. दाजी जुने ड्रायव्हर. त्यांनी कार्बोरेटरच्या बुडाला पूर्वीच कानशीने बारीक खूण करून ठेवली होती. परत आलेल्या कार्बोरेटरवर ती खूण नव्हती. डायनॅमोही दुसराच निघाला.

असे का होते, हे जरा समजून घ्यायला हवे. ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी काढली. वालचंद जन्माने आपल्या शेजारच्या सोलापूरचे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या तयार होत. १९६४ पासून फियाट ११०० डी निघू लागली आणि १९७४ पासून तिलाच ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. इंजिन तेच, १०८९ सीसीचे. एकविसावे शतक उजाडता उजाडता उत्पादन थांबले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. आपल्या किती घरांची चूल या टॅक्सीने पेटवली, किती पोरांच्या शाळेच्या फिया तिने भरल्या, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

टॅक्सी गेली तशी तिची रोजची दुरुस्तीही गेली. पूर्वी नाक्यानाक्यावर फियाटचा मिस्त्री असे, कारण त्याला दिवसाला दहा फियाट भेटत. आता वर्षाला एक भेटते. चांगले मिस्त्री म्हातारे झाले, काही वारले. नव्या पोरांना गाडीला मशीन लावून दोष वाचता येतो, पण या गाडीला मशीन लावायला जागाच नाही. मग ज्याला काम येत नाही तोही “येतंय” म्हणतो आणि जुन्या सामानाला मुंबई-पुण्यात शौकिनांकडून चांगला भाव येतो हे ज्याला ठाऊक असते, तो मूळ भाग काढून घेतो. गाडीवाला अनोळखी आणि गरीब असला की काम आणखी सोपे होते.

लग्नानंतर वर्षभर गाडी तशीच उभी राहिली. नंतर आम्ही आणि दाजी मिस्त्री शोधायला निघालो, आणि या शोधात जे शिकलो ते सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच. पहिली चूक आम्ही अशी केली, की गाडीवाल्यांना विचारत राहिलो. ज्याची गाडी कालच दुरुस्त होऊन आली तो मिस्त्रीची स्तुतीच करतो, कारण बिघाड सहा महिन्यांनी दिसतो. एस. टी.तून निवृत्त झालेल्या एका मेकॅनिकने आम्हाला शहाणे केले. ते म्हणाले, “गिऱ्हाइकाला काय विचारता? लेथवाल्याला विचारा.”

बोलणे साधे होते, पण आमच्या डोक्यात कधी आले नव्हते. सगळ्या गॅरेजांचे क्रँक आणि ब्लॉक शेवटी लेथवाल्याकडेच येतात. कोण माप घेऊन काम देतो, कोण नुसतेच “घास थोडं” म्हणून टाकून जातो, कोणाचे इंजिन चार महिन्यांत परत येते, हे त्याच्या टेबलावर उघडे पडते. आम्ही सोलापुरात तीन लेथवाल्यांना भेटलो. दोघांनी एकच नाव घेतले. नंतर सुट्या भागांच्या दुकानात गेलो, तिथेही तोच माणूस निघाला. दुकानदार हसून म्हणाला, “तो म्हातारा कमिशन मागत नाही. पण डुप्लिकेट माल दिला तर तोंडावर फेकतो.” दुकानदाराच्या शब्दावर एरवी फार विसंबू नये, कारण काही मिस्त्र्यांचे आणि दुकानांचे आतून जमलेले असते. पण दुकानदार तक्रारीच्या सुरात जे सांगतो ते बहुधा खरे असते.

मिस्त्रीचे गॅरेज म्हणजे लिंबाच्या झाडाखालची एक खोली. बोर्ड नाही. गाडी आणि पेटीतले इंजिन आम्ही टेम्पोत घालून नेले. त्याने आधी गाडीला हातच लावला नाही. दाजींना स्टुलावर बसवून विचारत राहिला, “ड्रायव्हरसाहेब, आवाज गार असताना यायचा का गरम झाल्यावर? चढावर वाढायचा का? इंजिन कुणी उघडलं? तेल कोणतं घातलं?” अर्धा तास हेच. दाजींचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता. तीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला गाडीबद्दल पहिल्यांदाच कोणी काही विचारत होते.

पेटी उघडून त्याने भाग फडक्यावर मांडले आणि बेअरिंग उजेडात धरले. “हे चांगलं आहे. पिस्टनही बदलायचा नव्हता. तुमची टकटक वरची होती, टॅपेटची. बेअरिंग गेलं की आवाज जड येतो, खालून येतो, लोड आल्यावर वाढतो.” म्हणजे जे काम एका फीलर गेजने आणि पान्याने झाले असते, त्यासाठी अख्खे इंजिन खोलले गेले होते. इंजिन बसवून चालू झाल्यावर त्याने लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक ब्लॉकला लावले, मूठ कानाला लावली आणि दाजींनाही ऐकायला लावले. डॉक्टरच्या नळीसारखाच प्रकार.

दाजींना इंजिनची घाई होती. मिस्त्रीने मात्र पहिले काम ब्रेकचे घेतले. “तुळजापूरचा घाट उतरायचाय ना? मग आधी थांबायचं बघू.” या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. व्हील सिलिंडर खोलले तेव्हा आतले रबरी वॉशर फुगून लिबलिबीत झाले होते. पहिल्या गॅरेजात ब्रेक ऑइलच्या टाकीत कोणीतरी दुसरेच तेल ओतले होते. ब्रेकचे रबर ब्रेक ऑइलसाठीच बनवलेले असते. इंजिन ऑइलसारखे खनिज तेल त्यात गेले की ते फुगते आणि ब्रेक ऐन वेळी दगा देतो. त्या गाडीत आमची भाची लग्नाच्या शालूत बसणार होती, हे आठवून आम्हाला घाम फुटला. गाडी वेळेत झाली नाही याचे त्या दिवशी पहिल्यांदा बरे वाटले.

ब्रेकचे काम चार हजार तीनशेत झाले. सामानाच्या पावत्या वेगळ्या, मजुरी वेगळी. काढलेले वॉशर, पाइप, लायनिंग सगळे पिशवीत घालून त्याने न मागता दिले. आता आम्ही सांगू, की जुना भाग परत मागावा, आणि “भंगारात टाकला” असे उत्तर आले तर तिथेच गाडी थांबवावी. पहिल्यांदा गाडी देताना लहान काम द्यावे. ब्रेक, टॅपेट, प्लग-पॉइंट एवढेच. इंजिनाचे काम त्याचा हात पाहिल्यावर. इंजिन आणि चासिस क्रमांक, कार्बोरेटर, डायनॅमो यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. आता हे घरातले शाळकरी पोरही करते. दाजींची कानशीची खूण मात्र फोटोपेक्षा भारी.

मधल्या काळात एका शहाण्याने दाजींना सल्ला दिला होता, की हे इंजिन काढून टाका आणि दुसऱ्या गाडीचे बसवा, चालवायला स्वस्त पडेल. सोलापूरच्या मिस्त्रीने त्याला साफ नकार दिला, आणि तो बरोबर होता. परवानगीवाचून इंजिन बदलणे मोटार वाहन कायद्यात बसत नाही. शिवाय जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेली आणि चासिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी त्यात येते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांनी पुनर्नोंदणीला पाच हजार. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर येते. दाजींनी हिशेब केला आणि हा मान नको म्हणाले. “शोभेला ठेवायची तर मुंबईतच होती की.” त्यांनी साधी नोंदणीच पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. तिचीही फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेली होती. दोन्ही वाटा खर्चाच्या आहेत. जुनी गाडी ठेवण्याआधी घरच्या बाईशी बसून हा हिशेब करावा. आमच्या बहिणीने तो केला होता, आणि तिची मंजुरी मिळायला दोन महिने लागले.

पेट्रोलचाही एक मुद्दा आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. उसाचा आपला मुलूख, तेव्हा त्याबद्दल वाकडे बोलवत नाही. पण जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने खराब होतो, आणि इथेनॉल ओलावा धरत असल्याने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. मिस्त्रीने टाकी उतरवून धुतली, इथेनॉल सोसणारे पाइप घातले आणि दर आठवड्याला गाडी फिरवायची ताकीद दिली. उन्हाळ्यात इंजिनाच्या उष्णतेने पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी मधेच बंद पडते, तेव्हा पेट्रोल पंपावर ओले फडके टाकावे, हा मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा जुना उपाय. तो दाजींनीच मिस्त्रीला सांगितला, आणि दोघे बराच वेळ हसत राहिले.

कार्बोरेटरसाठी दाजी कुर्ल्याला जाऊन आले. जिथे गाडी बनत असे त्याच कुर्ल्यात तिचे तुकडे विकत घेण्याची पाळी आली. जुना पण मूळचा कार्बोरेटर मिळाला. डायनॅमो अजून दुसराच आहे.

गावातला एक पोरगा आय. टी. आय.ला मोटार मेकॅनिक शिकतो. दाजी त्याला दोनदा सोलापूरला सोबत घेऊन गेले. पहिल्या दिवशी मिस्त्रीने त्याला नुसती साफसफाई करायला लावली. दुसऱ्या खेपेला पॉइंटचा गॅप मापायला दिला, चुकल्यावर पान्याची मूठ डोक्यात हळूच टेकवली आणि पुन्हा मापायला दिला. पोरगा आता सुटीच्या दिवशी आपल्या खर्चाने जातो. मिस्त्री सत्तरीचा आहे आणि त्याची स्वतःची मुले या धंद्यात नाहीत.

गेल्या महिन्यात भाची बाळंतपणासाठी माहेरी आली. एस. टी. धाराशिवला दुपारी पोहोचली. दाजी सकाळपासूनच स्टँडबाहेर लिंबाच्या सावलीत गाडी लावून बसले होते. आदल्या रात्री त्यांनी चारही चाके स्वतः तपासली होती. लेक आली तेव्हा ते उतरले, मागचे दार उघडून धरले आणि ती बसल्यावर हलकेच लावले. बेंबळीपर्यंत गाडी एकदा बंद पडली. फडके आणि पाण्याची बाटली पायाशीच होती.