बिनदारूची झिंग

१९७० च्या सुमारास फ्रेडरिक बेकलंड या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाला एक साधा प्रयोग करायचा होता. व्यायाम सुटला की झोपेचे काय होते, एवढेच त्याला पाहायचे होते. नियमित पळणाऱ्यांनी महिनाभर पळणे बंद ठेवायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे. पण आठवड्यातून पाच-सहा दिवस पळणारा कोणी तयारच होईना. जास्त पैसे देऊ केले, तरी नकारच. अखेर तीन-चार दिवस पळणाऱ्यांवर त्याला भागवावे लागले, आणि त्यांनीही महिनाभर झोप नीट लागत नाही, जिवाला चैन नाही, अशा तक्रारी केल्या.

बाटली नाही, चिलीम नाही, तरी सुटत नाही. 'नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक' असे मानणाऱ्यांनी हा प्रयोग ध्यानात ठेवावा.

पळताना येणाऱ्या या झिंगेचे श्रेय एंडॉर्फिनला देण्याची पद्धत आहे. कोणत्याही जिममध्ये विचारा, हेच उत्तर मिळेल. त्याला कारणही तसेच घडले. १९७३ मध्ये मेंदूत अफू-मॉर्फिनचे रिसेप्टर, म्हणजे ही रसायने जिथे जाऊन लागतात त्या जागा, सापडले. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून शरीराचीच 'घरची अफू', एंडॉर्फिनच्या कुळातली, वेगळी काढून दाखवली. नेमके त्याच दशकात अमेरिकेत जॉगिंगचे वेड पसरले होते. दोन्हींची सांगड घातली गेली आणि ती लोकांना इतकी पटली की तपासून पाहायची घाई कोणाला राहिली नाही.

अडचण अशी की पळल्यावर रक्तात वाढणारे एंडॉर्फिन हा आकाराने मोठा रेणू. रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा तो सहजी ओलांडत नाही. २०२१ मध्ये जर्मन संशोधकांनी ६३ धावपटूंवर प्रयोग करून याची कसोटीच घेतली. काहींना नाल्ट्रेक्सोन दिले, काहींना नुसतीच गोळी. नाल्ट्रेक्सोन हे दारू आणि अफूचे व्यसन सोडवण्यासाठी वापरतात तेच औषध. ते अफूच्या रिसेप्टरांची वाटच अडवते. मग सगळ्यांना ट्रेडमिलवर ४५ मिनिटे पळवले. एंडॉर्फिनची वाट बंद असूनही मंडळी खुशीत! रक्तात वाढली होती ती वेगळीच रसायने, गांजा मेंदूतल्या ज्या रिसेप्टरांवर काम करतो त्यांनाच जाऊन लागणारी. यांतले पहिले १९९२ मध्ये जेरुसलेममध्ये राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत सापडले. त्याचे नाव आनंदामाइड, थेट संस्कृतातल्या 'आनंद'वरून ठेवलेले. एंडॉर्फिन अगदीच निकालात निघाले असे मात्र नाही. २००८ च्या एका जर्मन प्रयोगात दहा धावपटूंना दोन तास पळवून मेंदूचे पेट स्कॅन काढले, तेव्हा अफूचे रिसेप्टरही कामाला लागलेले दिसले. लांब पल्ल्याच्या बाबतीत वाद अजून शिल्लक आहे.

मात्रेचाही प्रश्न आहेच. २०१३ च्या एका अभ्यासात माणसांना चार वेगवेगळ्या वेगांनी ट्रेडमिलवर घातले. रमतगमत चालणाऱ्यांच्या रक्तात आनंदामाइड वाढले नाही, जीव तोडून पळणाऱ्यांच्याही नाही. हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ७०-८० टक्क्यांवर ठेवणाऱ्या मधल्यांनाच प्रसाद मिळाला. घाम येतो, दम लागतो, पण शेजारच्याशी तुटक का होईना बोलता येते, अशी ही चाल. रोज थोडे आणखी, थोडे आणखी करणाऱ्यांना हा निष्कर्ष सहसा आवडत नाही.

मग प्रश्न पडतो, वारीत चालणाऱ्याचे काय? तिथली चाल तर संथच. तरी दिवसभर चालून आलेला वारकरी मुक्कामाला पोचल्यावर कीर्तनाला उभा राहतोच. श्रद्धेचा भाग श्रद्धेकडे ठेवू. एका तालात अनेकांनी हलण्याचा परिणाम मात्र मोजून झाला आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बोटीच्या संघातल्या १२ तरुणांना यंत्रावर ४५ मिनिटे वल्ही मारायला लावली, एकदा एकेकट्याने आणि एकदा सगळ्यांनी मिळून. नंतर रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर आवळत नेला आणि दुखायला लागले की सांगा म्हटले. कष्ट तेवढेच, पण मिळून वल्ही मारल्यावर ती पोरे कितीतरी जास्त आवळणे सोसत होती.

पुण्यात गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात, तिथे हेच उघड्या डोळ्यांनी दिसते. कमरेला ढोल करकचून बांधलेला, बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या, टिपरू धरून धरून हाताला फोड आलेले. ताशाची तर्री सुरू झाली आणि चाळीस ढोल एका ठोक्यावर पडले की त्या मुलामुलींच्या चेहऱ्यावर दुखण्याचा मागमूस नसतो. दुखणे कळते घरी गेल्यावर, भाजीच्या तिखटाचा हात फोडाला लागतो तेव्हा.

या साऱ्या झिंगेचा गाभा इथेच आहे. शरीर धोक्याची घंटा थोडा वेळ बंद करते आणि आपल्याला हलके वाटते. फायदा तोच, जोखीमही तीच. हाताचे फोड आठवड्यात भरतात, पण कानाची गोष्ट वेगळी. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसवतो. १०० डेसिबलला ही मुभा जेमतेम १५ मिनिटांवर येते, आणि पथकाच्या मधोमध आवाज शंभराच्या वर जातो. आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, आणि मरताना त्या दुखतही नाहीत. सरावानंतर रात्री कानात शिट्टी वाजत असेल, तर ती उत्साहाची खूण नव्हे.

आता श्वासाकडे येऊ, कारण सध्या सर्वांत जास्त फोफावले आहे ते हेच. जोरजोरात श्वास घेऊन 'वेगळ्या अवस्थेत' नेणारी शिबिरे गोव्यात आहेत, पुण्यात आहेत, आणि मोबाइलवर तर फुकटात आहेत. याची आधुनिक गंगोत्री म्हणजे स्टानिस्लाव ग्रोफ हे चेक मानसोपचारतज्ज्ञ. उपचारात ते वापरत असलेल्या एलएसडी या नशेच्या द्रव्यावर बंदी आल्यावर त्यांनी पत्नी क्रिस्टिना यांच्यासह १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात श्वासाचा हा मार्ग काढला. शिबिरांमध्ये सांगतात, 'मेंदूला भरपूर ऑक्सिजन मिळतो.' घडते नेमके उलटे. निरोगी माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के ऑक्सिजनने भरलेले असते. त्यात आणखी फारसे मावत नाही. भराभर श्वासाने कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मेंदूचा रक्तपुरवठा चांगलाच घटतो. रक्त अल्कधर्मी होते, त्यातले मोकळे कॅल्शियम कमी होते. आधी ओठांभोवती मुंग्या, मग बोटे आखडून हाताचा पंजा चोचीसारखा वळतो. शिबिरात याला 'ऊर्जा जागी झाली' म्हणतात. दवाखान्यात ईईजी काढताना हाच श्वास तीन मिनिटे मुद्दाम घ्यायला लावतात, लपलेली अपस्माराची लक्षणे बाहेर यावीत म्हणून.

या वाटेत काहीच तथ्य नाही, असे मला म्हणायचे नाही. नेदरलँड्समध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विम हॉफ या डच प्रशिक्षकाच्या पद्धतीने श्वास आणि थंडीचे प्रशिक्षण घेतलेल्यांना जिवाणूचे विष टोचले, तेव्हा त्यांना ताप-थंडीचा त्रास इतरांपेक्षा कमी झाला. पण ते सगळे निरोगी तरुण होते आणि शेजारी डॉक्टर उभे होते. आपल्याकडे तर स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्येच लोणावळ्यात कैवल्यधाम काढून प्राणायाम प्रयोगशाळेत नेला. आणि घाईने केलेला प्राणायाम रोग आणतो, हा इशारा हठयोगाच्या जुन्या ग्रंथांनीच देऊन ठेवला आहे. अपस्मार, हृदयविकार, गरोदरपण, काचबिंदू किंवा पूर्वी मनोविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर या शिबिरांच्या वाटेला जाऊच नये.

बर्फाच्या टबाबद्दल थोडक्यात. १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर बसवलेल्या माणसांच्या रक्तात डोपामिन अडीच पटींनी वाढले, हे २००० साली नोंदले गेले. बाहेर आल्यावर वाटणारी तरतरी खोटी नाही. पण गार पाण्यात पडताक्षणी आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, रक्तदाब उसळतो, आणि हृदय आधीच नाजूक असेल तर त्याची लय बिघडू शकते. पळणाऱ्यांचा धोका त्याहून अनपेक्षित आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तर १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी भरले. त्यांतले बरेच जण शर्यतीच्या शेवटी वजनाने वाढले होते, कारण तहानेपेक्षा जास्त पाणी पीत सुटले होते.

तेव्हा पळा, ढोल वाजवा, पण कानात इअरप्लग घालून वाजवा. एक गोष्ट मात्र कधीच करू नका: पाण्यात बुडी मारण्याआधी जोरजोरात श्वास. श्वास घ्यायची तगमग कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते, ऑक्सिजन संपल्याने नव्हे. कार्बन डायऑक्साइड आधीच उडवून टाकला की पाण्याखाली तगमग होत नाही, माणूस थेट बेशुद्ध पडतो. पट्टीच्या पोहणाऱ्यांचेही जीव असे गेले आहेत, आणि तेही कंबरभर पाण्यात. तलावावर किंवा विहिरीवर पोरे 'कोण जास्त वेळ आत राहतो' अशी पैज लावून धापा टाकताना दिसली, तर त्यांना तिथल्या तिथे थांबवा.