कुंडींत न मावणारीं झाडें



हौसेनें आणलेलें वीतभर रोप पांचसात वर्षांत छताला टेकूं लागतें, आणि मग घरांत एक निराळाच प्रश्न उभा राहतो. टाकून द्यावें तर मन घेत नाहीं. ठेवावें तर वाट अडते, खिडकीचा उजेड जातो. आपल्या सोलापुरांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. हा पर्जन्यछायेंतला मुलूख; वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर चढतो, आणि नळाचें पाणी तर अनेक वर्षें कांहीं दिवसांआडच येत आलेलें आहे. पानें जितकीं अधिक, तितकें झाडाला पाणी अधिक. तेव्हां वाढलेल्या झाडाचें काय करावें हा नुसता शोभेचा प्रश्न नव्हे, तो घागरीचाही आहे.

उदाहरणासाठीं दिवाणखान्यांतलें रबराचें झाड घेऊं. वड, पिंपळ व उंबर यांच्या कुळांतलें हें झाड मूळचें आसाम-मेघालयाकडील अरण्यांतलें. मेघालयांतील खासी लोक याच्याच मुळांना वळण देऊन ओढ्यांवर जिवंत पूल तयार करितात. रानांत तें ३० मीटरांहूनही उंच जातें. असें हें झाड कुंडींत लहान राहिलें तर तें कुंडीच्या बंधनामुळें. त्याचा स्वभाव कांहीं बदललेला नसतो.

म्हणूनच, "आतां अंगणांत लावून टाकूं," हा जो विचार प्रथम सुचतो, तो अंमलांत आणण्यापूर्वीं थोडें थांबावें. आपल्याकडील काळी माती पाण्यानें फुगते आणि वाळली कीं आकसून भेगाळते. भिंतीलगत मोठें झाड असलें कीं त्याचीं मुळें पायाखालची ओल ओढून घेतात. त्या बाजूची माती अधिक आकसते, पाया थोडा खचतो, आणि भिंतीला तडा जातो. शिवाय नाली व पाण्याचा हौद यांच्या फटींतून मुळें शिरतात तीं वेगळींच. बरें, मग झाड तोडूं म्हटलें तर तेंही सोपें नाहीं. १९७५ सालच्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्याप्रमाणें शहरांतील वाढलेलें झाड तोडण्यास महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. सारांश, अंगण प्रशस्त असेल आणि भिंतीपासून पुष्कळ दूर जागा असेल, तरच रबराला जमीन दाखवावी.

दुसरी वाट गच्चीची. येथें वजनाचा हिशेब करावा. दीड फूट तोंडाच्या कुंडींत सुमारें ५० लिटर माती मावते. ओल्या मातीचें वजन लिटरला दीड किलोच्या घरांत धरलें, तरी एक कुंडी ७५ किलोंची झाली. जुन्या वाड्याच्या माळवदावर अशा कुंड्यांची रांग मांडणें म्हणजे तुळयांची परीक्षा पाहणें होय. आणि वैशाखाच्या उन्हांत सावलींत वाढलेलीं पानें करपतात तीं निराळींच.

तेव्हां खरा उपाय झाडाला लहान करण्याचा. शेंड्याच्या कोंबांत ऑक्सिन नांवाचें द्रव्य तयार होतें व तें खालीं उतरून खोडावरच्या डोळ्यांना निजवून ठेवितें. शेंडा काढला कीं हे डोळे जागे होतात आणि झाड उंच होण्याऐवजीं रुंद होतें. परंतु शेंडा नुसता कापून फेकण्यापेक्षां त्याचेंच नवें झाड करावें. यासाठीं गुटी कलमाची रीत उत्तम. ती आपल्या जिल्ह्याला नवी नाहीं. येथल्या डाळिंबाच्या बागा मोठ्या प्रमाणावर गुटी कलमांवरच उभ्या राहिल्या, आणि २००५ सालीं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झालें तेंही सोलापुरासच.

मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली कीं, शेंड्याखालीं हातभर अंतरावर खोडाची साल इंचभर रुंद अशी वर्तुळाकार सोलावी व खालचा बुळबुळीत थर खरवडून टाकावा. पाझरणारा चीक ओल्या फडक्यानें पुसावा. तो अंगाला लागल्यास खाज सुटते, म्हणून मुलांना दूर ठेवावें. मग भिजवून पिळलेलें शेवाळ किंवा नारळाचा भुसा त्या जागीं मूठभर लावून वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळावा आणि दोन्ही टोकें घट्ट बांधावीं. पाणी आंतल्या लाकडांतून वर चढतच असतें, त्यामुळें पानें सुकत नाहींत. पानांत तयार झालेलें अन्न मात्र सालीवाटे खालीं उतरतां न आल्यानें जखमेच्या वर सांचतें, आणि तेथेंच मुळें फुटतात. साधारण सहा ते आठ आठवड्यांत तीं कागदांतून दिसूं लागलीं म्हणजे त्यांच्या खालीं कापून नव्या कुंडींत लावावें. मागें राहिलेल्या खोडालाही पालवी येते.

कुंडी मुळांनीं गच्च भरली असेल तर आदल्या दिवशीं पाणी घालावें, जुनी सोलापुरी चादर अंथरून तीवर कुंडी आडवी करावी व मातीचा गोळा अलगद ओढून काढावा. बाहेरचीं गुंडाळलेलीं मुळें चौथाईपर्यंत धारदार चाकूनें कापून, ताजी माती व कुजलेलें शेणखत घालून झाड त्याच कुंडींत परत लावावें. मुळें कमी केलीं कीं फांद्याही त्या मानानें कमी कराव्यात. थोड्या मुळांनीं पुष्कळ पानें पोसलीं जात नाहींत. हें काम पावसाळ्यांतच करावें. उन्हाळ्यांत चुकूनही करूं नये.

हा नियम सर्वांना मात्र लागूं नाहीं. अरेका पामच्या प्रत्येक खोडाला टोकाशीं एकच कोंब असतो. तो छाटला कीं तें खोड मेलेंच. त्याचें बेट मुळांसकट फोडून दोन करावें. नाताळचें झाड म्हणून मिळणाऱ्या अरौकेरियाचा शेंडा कापल्यास त्याची शोभा कायमची जाते. असें झाड उचलण्याजोगें आहे तोंवरच एखाद्या शाळेला किंवा दवाखान्याला विचारून द्यावें. मात्र पाणी कोण घालणार हें ठरल्याशिवाय देऊं नये. कुंडींत वा भिंतींत आपोआप उगवलेला पिंपळ तोडण्यास पुष्कळांचा जीव धजत नाहीं. त्यांनीं तो दोन पानांचा असतांनाच मुळांसह काढून मोकळ्या रानांत लावावा. पुढें भिंत आणि श्रद्धा यांत एक निवडण्याची पाळी येत नाहीं.

शेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं, रोप विकत घेतांनाच तें पूर्ण वाढल्यावर केवढें होतें याची चौकशी करावी, आणि दर मृगाला कात्री हातीं घ्यावी. वर्षाला वीतभर छाटलेलें झाड पुढें घरावर भार होत नाहीं. आणि छाटलेल्या त्या वीतभर शेंड्यानें शेजाऱ्याच्या घरीं एक नवें झाड उभें राहतें.