मुंबईचं ‘बौद्ध विद्यापीठ’ बोरिवलीत होतं! आज हे शिक्षण कुठे मिळतं?

नालंदा म्हटलं की बिहार आठवतं. पण बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सुट्टीच्या दिवशी कान्हेरी लेण्यांपाशी सेल्फी काढणाऱ्या अनेकांना, आपण एका महाविहारात उभे आहोत हे ठाऊक नसतं.

शिलालेखांत या डोंगराचं नाव कृष्णगिरी असं येतं. इथे शंभराहून जास्त लेणी आहेत आणि सुमारे हजार वर्षं भिक्खू इथे राहत, शिकत होते. 11 क्रमांकाच्या लेण्यात तर बसण्यासाठी लांबच लांब दगडी बाक कोरलेत. शिलाहारांच्या काळातला, शके 765चा (इ.स. 843) एक लेख विहाराला मिळालेल्या दानाचा हिशोबच देतो: पूजेसाठी 20 द्रम्म, वस्त्रांसाठी 5, दुरुस्तीसाठी 3 आणि पुस्तकांसाठी 1. लायब्ररीच्या वाट्याला सगळ्यात कमी, हे तेव्हापासूनचंच दिसतं!

आज उपनगरांत हे शिक्षण मुख्यतः तीन ठिकाणी मिळतं. कलिन्यात मुंबई विद्यापीठाचा पाली विभाग आहे. घाटकोपरच्या अलीकडे विद्याविहारला सोमय्या विद्यापीठात बौद्ध अध्ययन शिकवलं जातं. गोराईच्या ग्लोबल पॅगोडाशी जोडलेली विपश्यना विशोधन विन्यास ही संस्था पालीचे वर्ग घेते.

प्रवेश घेताना बरेच जण एका गोष्टीत गोंधळतात. पालीचा अभ्यास म्हणजे भाषा आणि साहित्य. त्यात व्याकरण आलं, मूळ त्रिपिटक वाचणं आलं. बौद्ध अध्ययनात तत्त्वज्ञान, इतिहास आणि कलेवर भर असतो. शाळेत पाली नव्हती म्हणून घाबरायचं कारण नाही, प्रमाणपत्र वर्गात अगदी पहिल्यापासून शिकवतात.

मग नोकरीचं काय? 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीसोबत पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पण यूपीएससीच्या पर्यायी विषयांतून पाली त्याआधीच वगळली गेली होती, म्हणजे मान वाढला तरी एक मोठी वाट बंदच आहे. प्राध्यापकीसाठी मात्र नेट परीक्षेत पाली हा विषय आहे. त्यामुळे फी भरण्याआधी हातात पदवी पडणार की फक्त प्रमाणपत्र, हे नीट विचारून घ्या. नेटमधून प्राध्यापकीची पात्रता मिळवायला पदव्युत्तर पदवी लागते, नुसत्या प्रमाणपत्रावर बसता येत नाही.

आणि प्रवेशाआधी चव घ्यायची असेल, तर पालीला स्वतःची अशी वेगळी लिपी नाही. देवनागरीतलं त्रिपिटक याच विन्यासाने इंटरनेटवर मोफत ठेवलं आहे.