गाडी चमकवताना रंग जातो कुठे?

रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यात आज धुतलेल्या गाडीवर उद्या बोटाने नाव लिहिता येते. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर केळीच्या ट्रकांची वर्दळ, शिवारात जाणाऱ्या वाटा कच्च्या, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात गेला की वाऱ्याबरोबर येणारी माती. (मुलांनी खरेच नाव लिहिले तर त्यांना अडवा. धूळ गेल्यावरही ते नाव रंगावर राहते.) मग ईदच्या किंवा निकाहच्या सकाळी घाई होते. नमाजला निघण्याआधी कोणीतरी जुनी लुंगी नाहीतर अम्मीची फाटकी ओढणी घेतो आणि गाडी कोरडीच पुसून काढतो. तेवढ्यापुरती ती छान दिसते. दुपारी उन्हात पाहावे, तर बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळे विणल्यासारख्या बारीक गोल रेघा.

या रेघा मुळात गोल नसतात. त्या सगळ्या दिशांनी पडलेल्या असतात. प्रकाशाला आडव्या असलेल्या तेवढ्याच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळ दिसते. पांढऱ्या गाडीवर त्या लपतात, काळ्या आणि गडद निळ्या गाडीवर लपत नाहीत.

आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. गाडीची चकाकी या थराची आणि उन्हापासून खालच्या रंगाचे रक्षणही तोच करतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसाहूनही पातळ. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते या थराहून कितीतरी कठीण असतात. कोरडे फडके फिरवणे म्हणजे हलक्या हाताने पॉलिश पेपर घासणेच झाले.

रेघा काढायच्या, तर त्यांच्या तळापर्यंत भोवतालचा थर घासून खाली आणावा लागतो. रबिंग कंपाउंड किंवा पॉलिश हेच करते. रेघ भरून येत नाही, तिच्या आजूबाजूचा थर कमी होतो. म्हणून दर ईदला आणि घरातल्या प्रत्येक लग्नाला गाडी ‘रबिंग’ला देणे हा शौक महागात पडतो. चार-सहा वेळा जोरात घासलेल्या गाडीचे बॉनेट आणि छत खानदेशच्या उन्हात आधी फिके पडते, मग तिथला थर पापुद्र्यासारखा सुटू लागतो. तो एकदा सुटला की कोणतेही पॉलिश कामाला येत नाही, पत्रा नव्याने रंगवावा लागतो.

स्वस्तात झालेल्या कामाचा आणखी एक प्रकार आहे. काही पॉलिशमध्ये तेलकट पदार्थ असतात, ते रेघांमध्ये बसून त्यांना झाकतात. गाडी घरी येते तेव्हा आरशासारखी असते. तीन-चार वेळा धुतली की रेघा परत हजर. वेगाने फिरणाऱ्या मशीनवर लोकरीचा पॅड लावून घाईत काम केले, तर उन्हात ढगासारखे पट्टेही दिसतात. कारागिराला आधी बॉनेटच्या एका कोपऱ्यात, हातभर जागेत करून दाखवायला सांगा. तो भाग शॅम्पूने धुवून उन्हात पाहा, मगच बाकीची गाडी द्या. आणि रेघेवरून नख फिरवा. नख अडकले तर रेघ खोल आहे. तिच्या मागे लागून थर संपवण्यापेक्षा ती राहू द्यावी.

मेणाच्या डागांची गोष्ट सोपी आहे. मेण, म्हणजे वॅक्स, फार जाड लावले किंवा तापलेल्या पत्र्यावर लावले की ते चिकटून सुकते आणि धुरकट ठिगळे दिसतात. जोर लावून खरवडू नये. गाडी सावलीत गार होऊ द्यावी, तेच मेण त्या डागावर पुन्हा अगदी पातळ लावावे. नव्या मेणाने जुने मऊ होते. मग स्वच्छ मायक्रोफायबरने पुसावे, फडक्याची बाजू बदलत राहावी. काळ्या प्लॅस्टिकवर पांढरे राहिलेले मेण मऊ टूथब्रश आणि शॅम्पूच्या पाण्याने निघते. बोअरच्या जड पाण्याचे थेंब उन्हात सुकून जी पांढरी कडी पडतात, ती मेणाची नसतात. त्यांना पाणी मिसळलेला पांढरा व्हिनेगर लावून लगेच धुवावे.

आणि लग्नाची गाडी! हारांच्या तारा थेट रंगावर आणि सेलोटेप दोन दिवस उन्हात. टेप ओढून काढू नका. हेअर ड्रायरने थोडी गरम करा, उरलेल्या डिंकावर खोबरेल तेल लावून पाच-दहा मिनिटे थांबा, मग शॅम्पूने धुवा.

रेघा पडूच नयेत यासाठी लागतात दोन बादल्या, मऊ हातमोजा आणि गाडीचा शॅम्पू. सकाळी लवकर, सावलीत, आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या. नंतर छतापासून खाली या. मोजा दर वेळी साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून मगच शॅम्पूत बुडवा. दुसऱ्या बादलीच्या तळाशी किती माती साचते ते मुलांना दाखवा. पाणी टंचाईच्या दिवसांत गाडी धूळभरलीच राहू द्यावी, त्याने रंगाचे काही बिघडत नाही; पक्ष्यांची विष्ठा आणि केळीचा चीक तेवढा भिजवून लगेच काढावा. जमिनीवर पडलेले फडके धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावू नये.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण विकायला काढलेली गाडी बहुतेक वेळा नुकतीच पॉलिश केलेली असते. संध्याकाळी दिव्याखाली पाहू नका. दुपारी जा, गाडी धुवायला सांगा, आणि दाराच्या कडा, छत व बॉनेट तिरक्या उजेडात पाहा. एका दाराची झाक शेजारच्या पत्र्याशी जुळत नसेल, तर ते दार कधी आणि का रंगवले हे किंमत बोलण्याआधी विचारा.